मेटल डिटेक्टर काही महिने वापरल्यावर: आयडी बरा, खोलीचा आकडा जपून

हौशी लोकांसाठीचा, एकाच फ्रीक्वेन्सीचा व्हीएलएफ (म्हणजे अतिशय कमी फ्रीक्वेन्सीवर चालणारा) डिटेक्टर बरेच महिने वापरतोय. खोक्यावर दोन दावे ठळक छापलेत: वस्तू ओळखतो आणि ती किती खोल आहे ते सांगतो. पहिला बऱ्यापैकी खरा आहे. दुसऱ्याला मात्र अटी फार.

दांड्याच्या टोकाला असलेल्या कॉइलमधलं (तारेच्या वेटोळ्यातलं) बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं, धातूत भोवरा प्रवाह (गोल फिरणारे विजेचे प्रवाह) उठवतं, आणि त्यांचं उत्तर कॉइलमधलंच दुसरं वेटोळं पकडतं. ते उत्तर किती मागे रेंगाळलं, यावरून स्क्रीनवर 0 ते 99 मधला आयडी, म्हणजे वस्तूची ओळख सांगणारा आकडा, येतो. लोखंड तळाला, फॉइल त्याच्या वर, जाड तांबं आणि चांदी वरच्या टोकाला. पण हा आकडा निव्वळ धातूचा नाही. वस्तूचा आकार, जाडी, ठेवण सगळं त्यात मिसळलेलं असतं. म्हणून सोन्याची अंगठी आणि पेयाच्या कॅनची अ‍ॅल्युमिनियमची कडी एकाच आकड्यावर बोलू शकतात. कड्यांचा कंटाळा येऊन तो आकड्यांचा पट्टा डिस्क्रिमिनेशनमध्ये (नको ते आकडे गाळायच्या सेटिंगमध्ये) बंद केला, की अंगठ्याही गेल्या. मी तो बंद करत नाही, सगळं ऐकतो.

लोखंडही कधी सोंग आणतं. गंजलेला वॉशर किंवा बाटलीचं पत्र्याचं बूच वरचा आकडा दाखवतं. अशा वेळी त्याच जागेवर काटकोनात फिरून कॉइल पुन्हा फिरवायची. नाणं असेल तर आकडा एखाद-दोन घरंच हलतो. वाकडा खिळा असेल तर एका दिशेने गोड वाजतो आणि दुसऱ्या दिशेने खरखरतो.

आता खोली. हा आकडा येतो तो सिग्नलच्या जोरावरून, आणि खाली नाण्याएवढं काहीतरी आहे असं यंत्र धरूनच चालतं. छोट्या वस्तूचा सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घाताने घटतो. अंतर दुप्पट झालं की जोर 64 पट कमी. त्यामुळे आडवं पडलेलं नाणं असेल तर अंदाज एक-दोन बोटांनी इकडेतिकडे, चालून जातं. पण कोपरभर खोल गाडलेलं पत्र्याचं झाकण ‘5 सेंटिमीटर’ म्हणून ओरडतं आणि गवताच्या मुळाशी अडकलेली बारीक टिकली ‘20’ सांगते. त्यावर उपाय कानाचा: पिनपॉइंट (नेमकी जागा दाखवणारं बटण) दाबून कॉइल वीतभर उचला. आवाज तरीही दमदार आणि आडवा पसरलेला राहिला, तर खाली मोठं धूड आहे.

जमिनीचाही हात असतो. लोहयुक्त मातीत खोलवरच्या चांगल्या वस्तूचा आयडीसुद्धा लोखंडाकडे घसरतो, म्हणून जागा बदलली की ग्राउंड बॅलन्स (यंत्र तिथल्या मातीशी जुळवून घेणं) करायचाच: कॉइल वरखाली करत राहायचं, आवाज सपाट होईपर्यंत. खारट ओल्या वाळूत एकाच फ्रीक्वेन्सीचं यंत्र बडबडतं. तिथे एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणारं, मल्टी-फ्रीक्वेन्सी यंत्र बरं. बुटाच्या टोकात पोलादी टोपी असली तरी यंत्र वाजतं. तसा हा त्रास जुनाच: 1881 मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेलने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी अशाच तत्त्वावरच्या यंत्राने शोधून पाहिली, आणि गादीतल्या पोलादी तारांनी घोळ घातला असं सांगतात.

हँडल चांगलं आहे, बॅटरीबद्दल तक्रार नाही. वजन मात्र तासाभरात खांद्याला कळतं.

नाणी, दागिने यांसाठी घ्यायला हरकत नाही. मीटरभर खालची पाइप किंवा टाकी शोधायची असेल तर पैसे घालू नका. त्यासाठी दांड्याच्या दोन टोकांना दोन डबे असलेला वेगळा प्रकार मिळतो.