बाइंडिंग पक्कं, वाटणी चुकली

धुळ्यातल्या एका जुन्या बाइंडिंगवाल्याकडे परवा पुस्तक बांधून घेतलं. तक्रार आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पाचपैकी साडेतीन तारे.

पुस्तक ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडिताचं ‘सिटी ऑफ गॉड’, इंग्रजी भाषांतर, रद्दीतून उचललेलं. हजारावर पानं, गम वाळून सगळी सुटी. ४१० साली गॉथ टोळ्यांनी रोम लुटलं, तेव्हा लोक म्हणू लागले, जुने देव सोडून ख्रिस्ती झालो म्हणून ही वेळ आली. त्याला उत्तर म्हणून याने ४१३ च्या सुमारास लिहायला घेतलं ते २२ भाग होईपर्यंत थांबला नाही. पहिल्या दहांत हा वाद, अकराव्यापासून दोन नगरांची गोष्ट: एक माणसाचं, एक देवाचं.

म्हणून बजावून सांगितलं, दोन खंड कर, पण दहाव्यानंतरच तोड. ही माझी हुशारी नाही. ऑगस्टीननेच फर्मुस नावाच्या माणसाला पत्रात कळवलंय, सगळं एकात मावणार नाही, दोन करायचे तर दहा आणि बारा. सोळाशे वर्षांपूर्वीची ऑर्डरच की!

आणायला गेलो तर दोन्ही खंड विटेसारखे एकसारखे, तेरावा भाग मधोमध फाडलेला. म्हणतो, “आप्पा, दोन्ही भाऊस्ना वाटा सारखा नको का?”

काय बोलणार! माझी सगळी नोकरी भूमापन खात्यात, सख्ख्या भावांचे बांध मोजण्यात गेली. आणि पंधराव्या भागात नेमकं तेच आहे. बायबलप्रमाणे पहिलं नगर वसवलं काइनाने, हाबेल या भावाचा खून करून, आणि त्याला मुलाचं नाव दिलं, हनोख. हाबेल मेंढपाळ. त्याने काहीच वसवलं नाही, कारण तो इथला वाटसरू. (मला साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ दिसले, घोड्यावर बिऱ्हाड टाकून चाललेले.) रोमचंही तसंच, ते वसवणाऱ्या रोमुलसने रीमस या भावाला मारलं. पण ते दोघे एकाच मानासाठी भांडले. काइनाला मात्र हाबेल चांगला आहे एवढंच सलत होतं. पुढे ऑगस्टीन म्हणतो, चांगुलपणात वाटेकरी आले तरी कुणाचा वाटा कमी होत नाही, उलट वाढतो. असा गट नंबर मला कधी मोजायला मिळाला नाही.

असो. काम मात्र पक्कं. दोऱ्याची शिवण, खळीत मोरचूद, त्यामुळे कसर लागायची भीती नाही. पुस्तक टेबलावर सपाट उघडतं. रेक्झिन एका कोपऱ्यात फुगलंय, आणि कटिंगमध्ये माझ्या समासातल्या पेन्सिलीच्या खुणा गेल्या, त्याचा राग अजून आहे. दोन्हीचे ३६० रुपये. पावसाळ्यात देऊ नका, खळ वाळत नाही.

शेवटी त्याने सगळं उसवून, दहाव्यानंतर तोडून पुन्हा बांधून दिलं, जादा पैसे न घेता, तीन दिवसांत. आता दुसरा खंड पहिल्यापेक्षा बोटभर जाड आहे. हातात देताना बाइंडिंगवाल्या भाऊने तोंड वाकडं केलंच.