गिअरचं ऑइल बदलाचं असन तं दारव्हा रोडवरच्या या गॅरेजात जा

मायी गाडी 92 हजार किलोमीटर चालली, इंजिन ऑइल दरवेळी टाइमावर पण गिअरबॉक्सचं कोणी नावच नाई काढलं, आधीच्या गॅरेजवाल्यानं तं सांगतलं की ते बदलाच लागत नाई. थंडीत सकाळी कापूस घेऊन जिनिंगले निघालो की दुसरा गिअर अडे, कर्रर्र आवाज येई, गाडी तापली की बरं.

या गॅरेजातल्या भाऊनं पयले गाडी 15 मिनिटं फिरवून आणली, गरम ऑइल चांगलं निथळते म्हणे. मंग वरचा, भरायचा नट आधी खोलला. हे लय महत्त्वाचं हाय, तोच जाम निघाला आन् खालून ऑइल सोडून बसले तं गाडी जागीच उभी. खालच्या नटाच्या चुंबकाले काजळासारखा बारीक करडा लेप होता, बोटानं चोळून दाखवला, एवढी झीज चालते म्हणे, तुकडे निघाले असते तं गिअरबॉक्स खोलाच लागला असता.

ऑइल टाकताना गाडीचं पुस्तक उघडून जीएल-4 च (हा गिअर ऑइलचा दर्जा हाय) टाकलं. जीएल-5 काही गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगले (गिअर बिना आवाजाचा पाडाले मदत करते ते कडं) खाते, भारी नंबर म्हून टाकू नका. गाडी सपाट उभी ठेवून भोकाच्या काठापर्यंत भरलं, वरून गळाले लागलं का बंद. पक्कड नाई, बरोबर मापाचा पाना लावला.

ऑइल धरून 1200 लागले. आता सकाळी दुसरा गिअर लोण्यासारखा पडते. सोयाबीनच्या सीझनमधी गर्दी रायते, आधी फोन करून जा.