ग्रँड कॅन्यनला कुत्रा कुठे ठेवायचा : आरव्हीत की केनेलमध्ये?

साउथ रिमवर, म्हणजे दरीच्या दक्षिण काठावर, कड्याच्या वाटेने कुत्र्याला पट्टा लावून फिरवता येतं. पण दरीत उतरायचं किंवा शटल बसने जायचं, तर त्याला मागे ठेवावंच लागतं.

आरव्हीत, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, आमचा मोत्या खूश असतो. त्याची चादर, त्याची वाटी, आमचा वास. पैसेही लागत नाहीत. गोची एसीची. ट्रेलर व्हिलेज या आरव्हीच्या तळावर विजेची जोडणी मिळते, पण ब्रेकर पडला की एसी गप्प, आणि आपण दरीत, मोबाइलला रेंज नाही. बाहेर जेमतेम २१ अंश असले तरी बंद कार अर्ध्या तासात ४० च्या घरात जाते; आरव्ही जरा सावकाश तापेल, एवढंच. मॅथर कॅम्पग्राउंडला तर जोडणीच नाही आणि जनरेटर ठरावीक वेळातच चालवता येतो.

केनेल, म्हणजे पैसे घेऊन कुत्रे सांभाळणारं ठिकाण, उद्यानातच आहे. लसीकरणाचे कागद हवेत, जागा आधी धरून ठेवलेली बरी. पहिल्या दिवशी मोत्याने जाळीआडून असं काही पाहिलं, की बायको म्हणाली, “चल, परत जाऊ.” संध्याकाळी गेलो तर गडी निवांत पसरलेला!

सकाळच्या गारव्यात तासाभराचं काम असेल तर आरव्ही चालेल. दरीत उतरायचं असेल तर मी केनेलचेच पैसे भरतो.