दुबई–मुंबई: नऊ महिने, बावीस उड्डाणं आणि एक वही

नोव्हेंबरात बाबांचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून महिन्यातून एकदा, कधी दोनदा, दुबईहून डोंबिवली गाठते. जुलैअखेर बावीस उड्डाणं झाली. प्रत्येक वेळी वहीत टिपून ठेवलं: विमान जमिनीवरून कधी उचललं, कधी टेकलं आणि मी घराच्या दारात कधी पोचले. आईवडील तिकडे आणि नोकरी इकडे, अशा प्रत्येकाला हे उपयोगी पडावं म्हणून लिहितेय.

दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण 1,930 किलोमीटर. तिकिटावरच्या वेळा मात्र फसवतात. माझं विमान शुक्रवारी रात्री 10 ला सुटतं आणि 2.35 ला मुंबईत पोचतं, म्हणजे पाहणाऱ्याला साडेचार तास. परतीचं पहाटे 4.30 चं, दुबईत 6.15. बाबांनी पहिल्यांदा विचारलं, "जाताना पावणेदोन तासांतच पोचतेस?" दुबईचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे. तो दीड तास येताना वजा करा, जाताना मिळवा, की खरा हिशेब लागतो: येताना तीन तास पाच मिनिटं, जाताना सव्वातीन.

येताना कमी आणि जाताना जास्त, हे वाऱ्यामुळे. हिवाळ्यात अरबस्तान आणि उत्तर भारतावरून जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. जानेवारीत मुंबईकडे येताना माझं विमान हवेत जेमतेम अडीच तास होतं, परत जाताना जवळपास तीन. जूननंतर वरचे वारे बदलतात. माझ्या वहीत जुलैमध्ये हा फरक अगदी थोडा उरला.

पण वेळ खरी जाते ती मुंबईच्या डोक्यावर. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. शिवाय पश्चिमेकडून आलेलं विमान बहुतेक वेळा शहर ओलांडून पूर्वेला जातं, वळतं आणि घाटकोपरवरून खाली येतं. खाली दिवे दिसत असतात, घर जवळ आलेलं असतं आणि विमान घिरट्या घालत असतं. जूनमधल्या एका रात्री अशी पस्तीस मिनिटं गेली. त्या रात्री बाबांना ताप होता. ती पस्तीस मिनिटं मी विसरणार नाही.

उतरल्यावर इमिग्रेशन, बॅगा, टॅक्सी. पहाटे रस्ता मोकळा असतो, तासाभरात डोंबिवली. दुबईतल्या घराचं कुलूप लावल्यापासून बाबांच्या उशाशी बसेपर्यंत माझी सरासरी साडेआठ तास आहे. सगळ्यात कमी साडेसात, सगळ्यात जास्त अकरा.

रविवारी संध्याकाळचं परतीचं विमान मी दोनदा घेतलं आणि सोडून दिलं. आठच्या विमानासाठी तीनला निघावं लागतं, कारण शिळफाट्यावर किती अडकू याचा भरवसा नाही. म्हणजे आईचं जेवण वाढून होतं ना होतं तोच बॅग उचलायची. पहाटेच्या विमानाला मध्यरात्री निघते. झोप जाते, सोमवारी ऑफिसात डोळे चुरचुरतात, पण रविवारची अख्खी संध्याकाळ हातात राहते. 2022 पासून अमिरातीत शनिवार-रविवार सुट्टी आणि सरकारी कचेऱ्यांना शुक्रवारी अर्धा दिवस झाला. आमच्या ऑफिसनेही तेच वेळापत्रक घेतलं, म्हणून हे जमतं.

जुलै-ऑगस्टला अमिरातीतल्या शाळांना सुट्टी असते, तिकिटं खूप चढतात. ती मे महिन्यातच काढा. ऑगस्टची माझी दोन्ही काढून झालीत, आणि बाबांनी कॅलेंडरवर दोन्ही शनिवारांना गोल केलाय.