ट्रॅक्टर केबिनची मागची काच बाहेरून बनवून घेतली: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

आमच्या ट्रॅक्टरला केबिन आहे ती धुळीसाठी. मुरबाड भागात दसऱ्यानंतर गवत कापून गाठी बांधायचा हंगाम असतो. बेलर चालू झाला की मागे कुसळांचा नुसता धुरळा. ऐन त्या दिवसांत मोअरनं (गवत कापायच्या यंत्रानं) उडवलेला खडा मागच्या काचेला लागला आणि अख्खी काच खडीसाखरेसारखी ढासळली.

कंपनीची काच यायला वेळ लागणार होता आणि हंगाम काही थांबत नाही. म्हणून महापे एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून टफन काच बनवून घेतली. खर्च निम्म्याहून कमी. पण पाऊस काढल्याशिवाय काचेबद्दल बोलण्यात अर्थ नाही, म्हणून आता भाद्रपदात लिहितोय.

काच उत्तम निघाली. सगळा खेळ आहे तो भोकांचा आणि रबराचा.

टफन काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटकन थंड करतात. त्यानं बाहेरचा थर दाबाखाली राहतो आणि आतला ताणाखाली. एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. ड्रिल टेकवलं की चुरा. म्हणजे बिजागरी, हँडल आणि गॅस शॉकर (उघडलेली काच वर धरून ठेवतो तो) यांची भोकं आधीच अचूक पडायला हवीत. फुटलेल्या काचेवरून माप मिळत नाही. आम्ही शेजारच्या गावातल्या त्याच मॉडेलच्या ट्रॅक्टरवरून हार्डबोर्डचा फर्मा काढला, आपल्या केबिनला लावून पाहिला, बोल्ट हातानं आरपार जातात याची खात्री केली आणि मगच कारखान्यात दिला. या कामात घाई करू नका. जाडी तुकड्यावर व्हर्नियर लावून घ्या. काच हातात आली की कोपऱ्यातला आयएस २५५३ भाग २ हा भारतीय मानकाचा शिक्का बघा, तो वाहनांच्या काचेचा. भाग १ इमारतींच्या काचेचा.

शीळफाट्यामार्गे परत आणताना काच गोधडीत उभी ठेवली. आडवी ठेवू नये, आणि कड फरशीला टेकू देऊ नये. टफन काच मधोमध दणका सोसते, कडेला मात्र छोटा टोलाही तिला पुरतो.

बोल्ट आणि काच यांच्यामध्ये नायलॉनचं बुश (बोल्टवर चढणारी छोटी नळी) आणि दोन्ही बाजूंना रबरी वॉशर लागतात. लोखंड काचेला थेट टेकलं तर खड्ड्यातल्या एखाद्या हिसक्यात काम संपलं. जुन्या रबराच्या खाचेतले काचेचे कण व्हॅक्यूमनं काढा, एसीच्या जाळीतलेही.

एप्रिलचं ऊन, ट्रॉलीची वाहतूक, रोटावेटरचे हादरे, सगळं झालं. तडा नाही, खडखड नाही. चिखलणीच्या वेळी मात्र वरच्या बिजागरीतून पाणी सीटवर ठिबकायला लागलं. काचेसोबत मिळालेले वॉशर उन्हानं कडक झाले होते. ते काढून ईपीडीएम या ऊन-पाऊस सोसणाऱ्या रबराचे घातले, चौकटीचं रबरही नवं बसवलं, आणि त्यानंतरच्या मुसळधार पावसातही सीट कोरडी राहिली. पहिल्याच दिवशी चांगलं रबर घ्या. काचेच्या मानानं त्याचा खर्च काहीच नाही.

शॉकर बदलताना जुन्यावर छापलेला न्यूटनचा आकडा जुळवा. जास्त जोराचा घेतला तर बिजागरीच्या भोकांवर सतत ताण येतो. काच बंद असताना दांडा खालच्या बाजूला राहील असा बसवा, म्हणजे आतलं सील तेलात राहतं.

बरेच जण काचेऐवजी पॉलिकार्बोनेट, म्हणजे पारदर्शक कडक प्लास्टिक, सुचवतात. ते फुटत नाही हे खरं, पण कुसळं नि धूळ रोज पुसून साध्या शीटवर ओरखडे पडतात आणि रात्री वर्क लाइट लावला की बेलर धूसर दिसतो. शीट घ्यायचीच असेल तर हार्डकोटवाली, म्हणजे वर ओरखडे रोखणारा कडक थर असलेली घ्या.

आमची काच सपाट होती म्हणून हे सगळं जमलं. तुमच्या केबिनची मागची काच वळणाची असेल तर थांबा, पण कंपनीचीच घ्या. तोवर चौकटीला जाड प्लास्टिक ताणून बांधलं तर बरीच धूळ अडते.