ब्रेकच्या कामाचे 6,400 घेतले आणि पॅड उलटा बसवून दिला

लिहू का नको करत बरेच दिवस गेले, कारण यात गॅरेजवाल्यापेक्षा माझाच येडेपणा जास्त दिसतो. पण परवा शेजारच्याने त्याच गॅरेजला गाडी टाकली म्हणल्यावर म्हणलं आता लिहूनच टाकू. गॅरेजचं नाव देत नाही, बीडमधलं आहे एवढंच.

आमची छोटी पेट्रोल गाडी आहे, 2016 चं मॉडेल. ब्रेक मारला की पुढून ची ची असा बारीक आवाज यायचा, बाकी गाडी जागेवर थांबायची, काही त्रास नव्हता. मार्गशीर्षात अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला जायचं होतं, सोबत अण्णा, बायको, पोरगी, म्हणून म्हणलं घाट आहे, ब्रेक एकदा बघून घ्यावा. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी लोखंडी तबकडी, आणि पॅड म्हणजे ब्रेक मारला की तिला आतून-बाहेरून दाबणारे तुकडे, लोखंडी पाठ आणि तिच्यावर घासणारा मसाला. गॅरेजवाल्याने चाकात बॅटरी मारल्यासारखं केलं आणि म्हणला, "सर पॅड पूर्ण गेलेत, लोखंड डिस्कला घासायलंय, दोन्ही डिस्क बदलाव्या लागतील, असं घेऊन घाटात जाऊ नका." घाट म्हणल्यावर कोण नाही म्हणणार? सकाळी गाडी लावली आणि मी ड्युटीला निघून गेलो. पहिली चूक ही.

संध्याकाळी वहीच्या पानावर हिशोब तयार. पॅड 1,650, डिस्कची जोडी 3,200, ब्रेक ऑइल 350, मजुरी 1,200. एकूण 6,400. पक्कं बिल मागितलं तर म्हणला 18 टक्के वरून लागतील, बघा. मी म्हणलं राहू दे. दुसरी चूक. जुने पार्ट दाखवा म्हणलं तर लगेच आतून एक गंजलेला पॅड आणला, मसाला शून्य, नुसती लोखंडी पट्टी उरलेली. "बघा सर, हे घेऊन फिरत होतात." मी तर हादरलोच. डिस्क कुठंय विचारलं तर भंगारात गेली म्हणला. अण्णा सोबत होते, त्यांनी तो पॅड उचलला आणि डिकीत टाकला. अण्णांना लोखंडाचा तुकडा रस्त्यावर दिसला तरी सोडवत नाही, घरी पत्र्याच्या डब्यात चाळीस वर्षांचे नटबोल्ट आहेत. त्यादिवशी मी त्यांच्यावर चिडलो पण होतो, कशाला घाण गोळा करता म्हणून.

गाडी घेऊन निघालो तर डाव्या चाकातून खर्र खर्र. आधी ची ची होती, आता खर्र खर्र. परत वळून गेलो तर म्हणला, नवीन पॅड आहेत, सेट व्हायला दोनशे-तीनशे किलोमीटर जाऊ द्या. आता यातली गंमत अशी की हे खरंय, नवीन पॅड डिस्कवर नीट बसायला तेवढं रनिंग लागतं. खोटं बोलणारा माणूस सगळंच खोटं बोलत नाही, अर्धं खरं बोलतो, म्हणून पटतं. पण सेट होतानाचा आवाज झालाच तर हलका असतो, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा नसतो. असा आवाज आला की तिथंच चाक खोलायला लावायचं, पुढं एक किलोमीटरसुद्धा जायचं नाही.

जाताना मांजरसुंब्याचा घाट चढायचा असतो, ब्रेक लागतच नाही फारसा. पुढं नेकनूर, केजच्या स्पीडब्रेकरला गाडी जराशी उजवीकडं ओढल्यासारखी वाटली. म्हणलं रस्त्याचा उतार असंल. अंबाजोगाईत देवळाजवळ गाडी लावली तर डाव्या चाकापाशी गरम हवा लागत होती आणि रिमवर काळी भुकटी, त्यात चकचकीत चुरा. पोरीने बोट लावलं आणि म्हणाली, बाबा, चमकी. मी रुमालाने पुसून टाकलं. तिसरी चूक, आणि ही सगळ्यात मोठी.

येताना दिवस मावळला होता, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं थांबत निघत मांजरसुंब्यापर्यंत आलो, चहा घेतला आणि घाट उतरायला लागलो. दोन वळणं झाली आणि जळका वास. तिसऱ्या वळणाला ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल मऊ लागलं, लोण्यात पाय घातल्यासारखं, आणि खाली खाली गेलं. गाडी थांबायला तयार नाही, पुढं सोळा टायरी ट्रक.

काय केलं ते सांगतो, कारण त्यावेळी डोकं चालत नाही, आधी माहिती असलेलं बरं. पेडल भराभर पंप केलं, थोडा थोडा ब्रेक मिळाला. चौथ्यावरून तिसरा, मग दुसरा गिअर, इंजिन बोंबलायला लागलं तरी टाकलाच. पार्किंगचे चारही लाइट चालू. हँडब्रेक एकदम खस्सकन ओढला नाही, मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते, तर बटन दाबून धरून हळूहळू ओढत आणलं. चावी बंद करायची नाही, पेडलला जोर देणारा ब्रेकचा बूस्टर इंजिनवर चालतो, स्टीअरिंग जड होतं आणि चावी पूर्ण फिरली तर लॉक होतं. डाव्या बाजूच्या मुरमाच्या पट्टीत गाडी घातली आणि थांबलो. दोन मिनिटं कोणी काही बोललंच नाही. मागून अण्णा एवढंच म्हणले, "पोरीला खाली घे."

बायको बाटलीतलं पाणी चाकावर ओतायला निघाली होती, तिला थांबवलं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर डिस्क वाकडी होते, तडा पण जातो.

मित्राने बीडहून एका जुन्या मिस्त्रीला मोटारसायकलवर पाठवलं, सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते येईपर्यंत पाऊण तास गेला आणि काय आश्चर्य, पेडल परत कडक! मला वाटलं चाचा मला येड्यात काढतील. पण त्यांनी पहिलं बोनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीत टॉर्च मारला. ऑइल कोऱ्या चहासारखं. "हे नवीन टाकलं म्हणतो का तो? नवीन ऑइल पिवळसर, पारदर्शक असतंय." ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. डॉट 3 प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना 205 डिग्रीला उकळतं, पाणी धरलं की तेच 140 च्या आसपास. पेडलचा दाब या ऑइलमधूनच चाकापर्यंत जातो. उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं, गार झालं की परत जागेवर. म्हणजे जे 350 रुपयांचं ऑइल टाकलंच नव्हतं, त्याने जवळपास जीव घेतला होता.

मग चाक खोललं. मी मोबाइलवर व्हिडिओ लावला होता, हे एक काम मी अख्ख्या प्रकरणात बरोबर केलं. बाहेरचा पॅड नीट होता. पॅड ज्यात बसतात तो कॅलिपर वर उचलला आणि आतला पॅड बघून चाचा हसलेच, "उलटा बिठाया!" मसाल्याची बाजू पॅड ढकलणाऱ्या पिस्टनकडं आणि लोखंडी पाठ डिस्ककडं. डिस्कवर नांगराच्या तासासारख्या रेघा, नख आडवं फिरवलं तर अडकत होतं. बाहेरून टॉर्च मारला तरी फक्त बाहेरचा पॅड दिसतो, आतला नाही, म्हणून चाक लावायच्या आधी समोर उभं राहूनच बघावं लागतं.

आणि पॅड नवीन नव्हताच. पाठीवर काळा स्प्रे मारला होता, चाचांनी पेट्रोलच्या फडक्याने पुसला तर खाली कंपनीचा जुना नंबर आणि गंज. मसाला अजून पाच मिलिमीटर शिल्लक. तीनच्या आसपास आला की बदलायचा असतो. म्हणजे माझे पॅड चांगले होते, डिस्क चांगल्या होत्या, ची ची नुसत्या धुळीची असणार. त्याने सगळं काढलं, घासलं, रंगवलं, आणि परत बसवताना पोऱ्याने एक उलटा लावला. चोरी पण धड केली नाही.

तेवढ्यात अण्णांनी डिकीतून तो गंजका पॅड आणून दिला. चाचांनी माझ्या पॅडशेजारी धरला. आकारच वेगळा, अडकवायचे कान वेगळे. "हा तुमच्या गाडीला बसतच नाही." गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवलेला पॅड होता तो! किती जणांना दाखवला असंल देव जाणे.

चाचांनी पॅड सरळ करून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर स्वतः गाडी खाली आणली. डाव्या डिस्कची वाट लागलेली, आणि डिस्क जोडीनेच बदलतात, म्हणजे आधी खोटा सांगितलेला खर्च आता खरा करावा लागला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला गेलो. आधी "तुम्हीच मधी कुठंतरी खोलून घेतलं असंल", मग "पोऱ्या नवीन आहे". व्हिडिओ दाखवला तरी आवाज चढलेलाच. अण्णांनी पिशवीतून पॅड काढून टेबलावर ठेवला आणि म्हणले, "हा आमच्या गाडीला बसवून दाखव, दुप्पट पैसे देतो." तिथं आवाज उतरला. चाचा लेखी द्यायला तयार नव्हते, त्यांना त्याच बाजारात बसायचंय, मी पण जोर केला नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. वकील मित्र म्हणला जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखापर्यंतच्या कामाला फी नाही, पण पक्कं बिल असतं तर केस सोपी होती. माझ्याकडं वहीचं पान, यूपीआयची नोंद आणि व्हिडिओ. एवढ्यावर पण जातो म्हणून सांगितल्यावर आठ दिवसांनी 4,000 आले. मेसेजमध्ये लिहिलं होतं, "उसने परत".

आता गाडी टाकताना पार्टवर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका देतो, नवीन पार्टची खोकी फोडताना समोर उभा राहतो. काम झाल्यावर आधी मोकळ्या मैदानात तीस-चाळीसच्या स्पीडने ब्रेक मारून बघतो, थोडं फिरवून चारी चाकांजवळ हात धरतो, एकच जास्त तापलं तर गडबड आहे. इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट दाबून धरतो, हळूहळू खाली चाललं तर ऑइल कुठंतरी गळतंय नाहीतर आतून दाब सुटतोय. गॅरेजवाले तोंड वाकडं करतात, करू देत.

उरलेले 2,400 अजून आले नाहीत. तो पॅड अण्णांच्या पत्र्याच्या डब्यात आहे, भंगारवाला दोनदा येऊन गेला, देत नाहीत.