सर्व्हर डाऊन होता त्या शनिवारी

१२ एप्रिल २०२५, शनिवार, हनुमान जयंती. कराडात माझी छोटी खाणावळ आहे आणि त्या दिवशी पन्नास पानांची ऑर्डर होती. दुपारच्या सुमाराला तेलाचे डबे आणि डाळ घ्यायला होलसेल दुकानात गेले. स्कॅन करून ६,२४० रुपये पाठवले. माझ्या खात्यातून वजा झाल्याचा मेसेज आला, पण दुकानातला स्पीकर काही बोलेना. दुकानदार म्हणाले, "वहिनी, आमच्याकडं काय आलं नाही. सगळ्यांचंच असं चाललंय." खरंच होतं ते, त्या दिवशी देशभर यूपीआय अडखळत होतं. खाणावळीच्या गल्ल्यातली रोकड देऊन मी सामान उचललं.

६,२४० रुपये म्हणजे माझी दोन दिवसांची कमाई. बँकेत जावं तर दुसरा शनिवार, मग रविवार, सोमवारी आंबेडकर जयंती. सलग तीन दिवस शाखा बंद. कर्जाचे आणि कार्डाचे मेसेज रोज पाठवणाऱ्या माझ्या बँकेकडून 'अडचण आहे, तुमचे पैसे परत येतील' एवढी ओळसुद्धा आली नाही. ती आली असती तर पुढचं घडलं नसतं, असं मला आजही वाटतं.

मोबाईलवर बँकेचं नाव टाकून कस्टमर केअरचा नंबर शोधला आणि सगळ्यात वर दिसला तो लावला. पलीकडचा माणूस स्वच्छ मराठीत, अगदी शांतपणे बोलत होता. "मॅडम, आज सर्व्हर डाऊन आहे, सकाळपासून असेच फोन येतायत." हे खरं होतं, म्हणूनच माझा विश्वास बसला. त्याने रक्कम, वेळ, दुकान विचारलं. मीच सगळं सांगितलं. थोड्या वेळाने तेच त्याने मला वाचून दाखवलं, तेव्हा वाटलं याच्याकडे माझी नोंद आहे.

मग त्याने एक ॲप घ्यायला लावलं. त्यातून माझी स्क्रीन त्याला दिसत होती, हे मला नंतर कळलं. एका आयडीवर जाऊन 'रिफंड कोड' टाकायला सांगितला : ३८४१६. मी विचारलंही, "अहो, इथं तर रुपयाचं चिन्ह आहे." म्हणाला, "सर्व्हर डाऊन असल्यामुळं कोड तिथंच टाकावा लागतो." मी पिन टाकला. ३८,४१६ रुपये गेले. तोवर यूपीआय पुन्हा चालू झालं होतं.

मुलगी आली आणि ओरडलीच, "अगं आई, पैसे यायला पिन कशाला लागतो?" तिनेच लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पाऊण तास झाला होता. त्यातले ९,००० पुढच्या एका खात्यात गोठवले गेले, पण ते मिळायला कोर्टाचा आदेश लागेल, असं पोलिसांनी सांगितलं. बाकीचे तोवर काढून झाले होते. बँकेने हात वर केले : पिन तुम्ही स्वतः टाकलात.

नंतर मुलीने रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम वाचून दाखवला. खात्यातून पैसे कापले गेले आणि दुकानदाराला पोचले नाहीत, तर व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत बँकेने ते आपणहून परत करायचे. पैसे एखाद्या व्यक्तीला पाठवले असतील तर दुसऱ्याच दिवसापर्यंत. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. मला कुणालाच फोन करायची गरज नव्हती. फारच घोर लागला असता, तर ॲपमध्ये त्याच व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवता आली असती. बँकेचा खरा नंबर तर माझ्या कार्डाच्या मागेच छापलेला होता. हा नियम बँका अशा दिवशी मेसेजने का कळवत नाहीत? चोराला बोलायला जागा मिळते ती त्यांच्या गप्प बसण्यामुळे.

मंगळवारी सकाळी मेथी निवडत बसले होते. फोन वाजला. मेसेज होता : ६,२४० रुपये जमा.